एक चमचा, एकतीस ग्रॅम

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वजन ९१.४.

चरबी माझ्या पोटावर आहे हे मला माहीत होतं. ती पोटाच्या आतही आहे हे आज कळलं. रक्तगट जुळला, बाकीच्या सतरा तपासण्या पार पडल्या आणि शेवटी अडलं ते यकृतातल्या चरबीवर. बावीस टक्के. डॉक्टर म्हणाले, दहाच्या आत आणा, मग बोलू. किती दिवसांत, असं विचारलं तर म्हणाले, "आठ आठवडे. तुमच्या बहिणीकडे त्याहून फार जास्त वेळ नाही."

ताईचं यकृत निकामी होत चाललंय. माझ्यातला अर्ध्याहून मोठा तुकडा काढून तिला बसवायचा. माझ्यात उरलेला पुन्हा वाढतो म्हणे. भाऊजींचा रक्तगट जुळत नाही, त्यांना मूलबाळ नाही आणि प्रतीक्षा यादीत तिच्यापुढे बरीच माणसं आहेत. म्हणजे उरलो मी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ताई बारा. वडील सदा फिरतीवर. मला ताईने भरवून मोठं केलंय, हे मी बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही, खरोखर चमचा घेऊन भरवलंय. ही चरबी तिचीच आहे, तिलाच परत द्यायची होती, असं मी भाऊजींना म्हटलं. ते हसले नाहीत.

डायरी लिहायची मला सवय नाही. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय की जे खाल ते लिहा आणि खाताना मनात काय आलं तेही लिहा. मनातल्याला कॅलरी थोड्याच असतात! पण लिहितो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वजन ९१.१.

बाईंचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. दिवसाला एकशेदहा ग्रॅम प्रथिनं, सगळं मिळून तेराशे कॅलरी. सकाळी तीन अंड्यांचं पांढरं आणि एक अख्खं अंडं. अकराला प्रोटीन पावडरचे दोन चमचे पाण्यातून. दुपारी दीडशे ग्रॅम उकडलेली कोंबडी किंवा मासा, वाटीभर डाळ, हवी तेवढी काकडी. चारला बिनसायीचं दही. सहाला पुन्हा पावडरचे दोन चमचे. रात्री पुन्हा डाळ, पालेभाजी आणि मूठभर चणे. साखर बंद, तळण बंद, भात जवळजवळ बंद. "प्रथिनं भरपूर घेतली की पोट भरलेलं राहतं आणि स्नायू न झडता चरबी झडते," असं बाई म्हणाल्या. त्या स्वतः काडीसारख्या आहेत.

मी वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. दुकानातले, गोदामातले, पोस्टातले, औषधवाल्यांचे. त्यामुळे मोजायला मी भीत नाही. पितळी प्रमाण वजनांची जुनी पेटी घरी आणली आणि ओट्यावर छोटा काटा मांडला. आमची ही म्हणाली, "स्वयंपाकघर आहे का सोनाराचं दुकान?"

कार्यशाळेत सांगितलं तेव्हा छटाक म्हणाला, "तू आणि पथ्य?" छटाक माझा सोबती, अंगावर मांस म्हणून नाही. दिवसभर बिस्किटं खातो. देवाचा काटा कुणी पडताळून बघितलेला दिसत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

वजन ९०.६.

ताईकडे गेलो होतो. तिचे डोळे पिवळे आणि पाय सुजलेले. तिला मीठ बंद, मला साखर बंद. भाऊजी म्हणाले, "तुम्हा दोघा भावंडांच्या मधे बसून मी जेवायचं तरी काय?"

बाजारातली पावडर आणणार म्हटल्यावर ताई उठूनच बसली. "डब्यात काय घालतात कोण जाणे. मी करून देते तुला." सोयाबीन, चणे, शेंगदाणे भाजून दळायचे आणि त्यात बिनसायीच्या दुधाची पावडर. बाईंना फोन करून विचारलं, त्यांनी प्रमाण लिहून घेतलं आणि चालेल म्हणाल्या. तू ओट्याशी उभी राहू नकोस, असं मी दहादा सांगितलं. ताई म्हणाली, "तू पोट कापून द्यायला निघालास आणि मी दोन मुठी चणे भाजायचे नाहीत?"

डबा घेऊन घरी आल्यावर तिने त्यात घातलेला चमचा सपाट भरून काट्यावर ठेवला. चमच्याचं वजन वजा जाता पावडर बरोबर एकतीस ग्रॅम. पाच वेळा भरून बघितला, पाचही वेळा एकतीस. ताईचा हात म्हणजे हात आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वजन ८९.९.

भूक. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. आज एका बेकरीचा काटा दुरुस्त करताना जिभेचा चावा घेतला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

वजन ८८.७.

पॅन्टला नवं भोक पाडलं म्हणजे पट्ट्याला. डोकं ठिकाणावर नाही. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात आणि वजन उतरलं की पोटात गोळा येतो. आज काट्यावरून उतरताना वाटलं, हे खरंच होणार आता. वाटलं ते लिहायचं ठरलंय म्हणून लिहिलं. उद्यापासून फक्त खाणं लिहीन.

रविवार, २३ फेब्रुवारी

वजन ८८.१.

काल डॉक्टरांनी शस्त्रक्रिया समजावून सांगितली आणि आज मी ती ताईला समजावून सांगितली. तिच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून जरा हसतखेळत. म्हटलं, साठ टक्के काढणार, मला सात-आठ तास झोप, तुला बारा तास. पोटावर अशी मोठी चीर, म्हणजे पोहायला जाण्याचं आयुष्यभर निमित्त टळलं. देणाऱ्यांपैकी पाचशेत एखादाच दगावतो, म्हणजे काहीच नाही.

ताई म्हणाली, "तो एक कोण असतो?"

"म्हणजे?"

"कुणाचा तरी भाऊच असेल ना."

मी म्हटलं, तू भलतंसलतं बोलू नकोस. मग ती माझ्या लहानपणच्या ऑपरेशनचं काढून बसली. सहा वर्षांचा असताना माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. "तुला काय आठवतं त्यातलं?" मी म्हटलं, लाल मोटार. जागा झालो तेव्हा ताईने उशीजवळ लाल मोटार ठेवली होती, तिचं एक दार उघडायचं. मी निघताना ताई म्हणाली, "पावडर संपत आली असेल. बुधवारी पाठवते."

बुधवार, २६ फेब्रुवारी

वजन ८७.८.

भाऊजी दुसरा डबा देऊन गेले. ही पावडर जास्त चवदार आहे. ताईला फोन केला तर म्हणाली, "चार खजूर घातलेत. तोंडाला चव नको का तुझ्या?" खजुरात लोह असतं. वर म्हणाली, मधेच भूक लागली तर आणखी एक चमचा घे, प्रोटीनच आहे. खरंच आहे, बाईही म्हणाल्या होत्या की प्रथिनांनी पोट भरतं.

या खेपेला मोजायला बसलो नाही. तोच हात, तोच चमचा.

सोमवार, ३ मार्च

वजन ८८.२.

वाढलं! काल काकडीत मीठ जास्त पडलं होतं, पाणी साठलं असणार.

शनिवार, ८ मार्च

वजन ८८.६.

घरचा काटा दगा देतोय असं वाटून तो बगलेत मारून कार्यशाळेत नेला. वीस किलोची चार प्रमाण वजनं चढवली. फरक वीस ग्रॅमचा. सगळा उघडला, पुसला, पुन्हा जुळवला. छटाक म्हणाला, "काट्याची चूक नाही रे बाबा. काट्यावर कोण उभं राहतंय ते बघ."

आज सकाळी काट्यावर उभा असताना एक गोष्ट मनात आली ती लिहितो आणि मग हे पान कुणाला दाखवत नाही. ८८.६ दिसलं तेव्हा आधी छातीत धस्स झालं आणि त्याच्या मागोमाग हलकं वाटलं. क्षणभरच. शाळेला सुट्टी जाहीर झाल्यावर वाटतं तसं. माझी लाज मलाच वाटली. अंडं न खाता कामाला गेलो आणि अकराला तीन चमचे घेतले.

मंगळवार, ११ मार्च

वजन ८८.६.

घरात भांडण झालं. मी हिला विचारलं, तू डाळीत तेल किती घालतेस? ती म्हणाली, चमचाभर. मी म्हटलं, दाखव कुठला चमचा. तिथून पेटलं.

"माझं तेल मोजता, माझी वाटी मोजता. मी काय तुमचं वजन वाढवते आहे?"

मी नको ते बोलून गेलो. म्हटलं, तुला हे ऑपरेशन नकोच आहे, मला ठाऊक आहे.

ती खाली बसली आणि म्हणाली, "हो, मला भीती वाटते. लेक सात वर्षांची आहे आपली. पण भीती वाटते म्हणून मी तुमच्या ताटात खोट करीन असं वाटलं तुम्हाला?" मग उठली आणि म्हणाली, "घरातलं सगळं मोजून झालं ना? मग बाहेरून येतं तेही एकदा मोजा."

बाहेरून माझ्या घरात येतं ते फक्त ताईकडून. जी बाई मरणाच्या दारात उभी राहून माझ्यासाठी चणे भाजते तिच्यावर संशय घ्यायचा? मी दार आपटून गेलो. चिमणी, म्हणजे आमची लेक, जिन्यात बसली होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली भूक लागल्यासारखं बोलता."

रविवार, १६ मार्च

वजन ८८.९.

ताईला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गेलो. गेल्या गेल्या तिने विचारलं, "किती झालं?" खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं ती खचेल. उलट तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नाही जमत तर नाही जमत रे. तुझ्यात काय खोट आहे? शरीर आहे, ऐकत नाही."

इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. तिसरा डबा घेऊन आलो. बसमध्ये डोळे पुसत होतो तर शेजारच्या माणसाने जागा बदलली.

मंगळवार, १ एप्रिल

वजन ८८.४.

पुन्हा तपासणी. सतरा टक्के. आठ आठवड्यांत फक्त पाच टक्के, आणि तेही बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांतलं असणार. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या नोंदी तीनदा वाचल्या. "तुम्ही लिहिलंय तेवढंच खात असाल तर हे शक्य नाही," म्हणाल्या. मी खोटारडा ठरलो.

ताईला परवा दाखल करून पोटातलं पाणी काढलं, आज घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन आठवडे देतो, बावीस तारखेला शेवटची तपासणी. त्यानंतर दहाच्या आत आलात तरी तिचं शरीर ऑपरेशन झेलेल असं सांगता येणार नाही.

जीव टांगणीला लागलाय. तीन आठवडे. मी काय चुकतोय?

शुक्रवार, ४ एप्रिल

वजन ८८.५.

आज माझ्या हातून जे झालं ते वीस वर्षांत झालं नव्हतं.

एका औषधवाल्याचा छोटा काटा दुरुस्तीला आला होता. छटाक प्रमाण वजनांची पेटी घेऊन बाहेर गेलेला. अकरा वाजलेले, पोटात आग पडलेली. मी डब्यातून पावडरचा चमचा भरला आणि मनात आलं, हा एकतीस ग्रॅम आहे, याच्यावरच बघू. चमच्याचं वजन वजा केलं, पावडर ठेवली. काट्याने बेचाळीस दाखवले.

म्हटलं, चांगलाच बिघडलाय. उघडला, फिरवला, जुळवला, एकतीसवर आणून ठेवला. समाधानाने पावडर पाण्यात ढवळून प्यायलो आणि काटा बांधायला घेतला.

तेवढ्यात छटाक आला. देण्याआधी त्याने सवयीने शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्याने चौऱ्याहत्तर दाखवले.

"काय केलंस हे? आलेला तेव्हा फक्त बटण अडकत होतं याचं. वजन ठीक होतं." मग म्हणाला, "कशावर जुळवलास?"

मी सांगितलं. तो हसला नाही. त्याने काटा पूर्ववत केला, माझा डबा ओढला, चमचा सपाट भरून ठेवला. बेचाळीस. दुसऱ्यांदा बेचाळीस. मग बोटाने चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

"साखर आहे यात," म्हणाला. "भरपूर."

हलकं पीठ आणि जड साखर एकाच चमच्यात मावतात, वजन मात्र वेगळं येतं. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो. औषधवाल्याचा काटा खोटा ठरवायला मी तयार झालो, ताईचा चमचा नाही.

शनिवार, ५ एप्रिल

वजन केलं नाही.

डबा आणि छोटा काटा पिशवीत घालून दुपारी ताईकडे गेलो. भाऊजी औषधं आणायला गेले होते. ताई खिडकीशी आडवी होती. मी तिच्यासमोर चमचा भरून काट्यावर ठेवला आणि आकडा तिच्याकडे वळवला.

तिने चष्मा शोधलाही नाही. "पिठीसाखर आहे," म्हणाली. "आणि सायीची दूध पावडर. मला वाटलं होतं आधीच धरशील. तुझं तर कामच ते."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. तू मरशील, हेही बोललो. ती ऐकून घेत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तुला लाल मोटार आठवते. मला सांगू काय आठवतं?"

आणि सांगितलं. मला भूल दिली ती उतरेचना. दोन दिवस मी उठलो नाही. वडील फिरतीवर, त्यांना निरोप पोचला नव्हता. डॉक्टरांनी बाकावर बसलेल्या ताईला विचारलं, घरी मोठं कुणी आहे का? ती चौदा वर्षांची. ती म्हणाली, मीच मोठी आहे. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की मनाची तयारी ठेव. ती बाहेर गेली आणि मोटार विकत घेऊन आली, कारण उठलास तर काहीतरी हवं ना, म्हणाली.

"ते दोन दिवस मला पुरले. माझ्यासाठी तू पुन्हा त्या खोलीत जायचं नाहीस. तुला नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून म्हटलं, तुझ्या शरीरालाच नाही म्हणू दे."

मी तिच्या पायाशी बसलो. त्या जुन्या भुलीचं डॉक्टरांना कळवीन, तेच काय ते ठरवतील, असं सांगितलं. मग जे आतापर्यंत या वहीलाही नीट सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. मी मिठाचा कण मोजला, हिचं तेल मोजलं, काट्याचे स्क्रू मोजले. तुझा दुसरा डबा काही मोजला नाही. विश्वास म्हणून नाही. मला आतून बरं वाटत होतं वजन उतरत नाही म्हणून. मला भीती वाटते, ताई. खूप.

ती म्हणाली, "मग झालं तर."

"झालं कसं? मला भीती वाटते आणि मला तू हवी आहेस. दोन्ही आहे. तू त्यातलं एकच धरून बसलीस."

ती रडली. मीही. भाऊजी औषधांची पिशवी घेऊन दारात उभे होते, किती वेळ कोण जाणे.

डबा मी मोरीत ओतून विसळला आणि रिकामाच तिच्या ओट्यावर ठेवून आलो. काय कर म्हणून सांगितलं नाही.

घरी आल्यावर हिच्यासमोर चुकलो म्हटलं. ती म्हणाली, "आधी जेवा. डाळ मोजलेली आहे."

बुधवार, ९ एप्रिल

वजन ८७.१.

अंडी, मासा, दही, डाळ. पावडर नाही. बाजारातली आणता येईल, बाई रोज सांगतायत. मी उद्यावर ढकलतोय. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझी पुन्हा तपासणी केली. आता औषधं वेगळी आहेत, काळजी घेऊ म्हणाले. ताईचा फोन नाही. भाऊजी म्हणाले, ती कुणाशी बोलत नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

वजन ८६.४.

उतरतंय. आणि तिकडून काही नाही. मी दहाच्या आत आलो आणि ती ऑपरेशनला नाहीच म्हणाली तर? तिच्या सहीशिवाय काही होत नाही. आज दिवसात चार वेळा दाराशी जाऊन आलो. चिमणीने विचारलं, कोण यायचंय? काय सांगू तिला?

रविवार, १३ एप्रिल

वजन ८५.९.

सकाळी भाऊजी आले. आत न येता डबा हातात दिला. म्हणाले, "पहाटेपासून ओट्याशी उभी होती. मला हात लावू दिला नाही." डबा कोमट होता.

मी तो ओट्यावर ठेवला. ही शेजारी येऊन उभी राहिली. प्रमाण वजन ठेवून काटा पडताळला, शून्यावर आणला. चमचा सपाट भरला. पहिला चमचा सांडला. दुसरा भरला, ठेवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत डोळे मिटून घेतले.

"बघा आता," ही म्हणाली.

एकतीस.